डॉक्टरबाईंच्या गाडीचं मिसिंग

धंद्यातले अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, त्या मंत्र्यांच्या गाडीचं लिहा." निगडीच्या पुढे मंत्र्यांची गाडी बंद पडली होती आणि मी ती तारेच्या एका तुकड्यावर मुंबईला रवाना केली होती, असा तो प्रसंग. पण तो मी इतक्या वेळा आणि इतका वाढवून सांगितला आहे की त्यातलं खरं किती, हे आता मलाच आठवत नाही. म्हणून ज्यात वाढवायला मला जागाच नाही असा एक प्रसंग लिहितो. डॉक्टरबाईंच्या गाडीचा दोष मीच शोधला, हे खरं आहे. त्याआधी मी एका भल्या माणसाची नोकरी घालवली, हेही खरं आहे.

आधी मिसिंग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना चार सिलिंडर असायचे. चार माणसांनी मिळून लोखंडी कपाट जिन्यावरून चढवावं आणि त्यातल्या एकाने नुसता हात लावून चालावं, तसं एखाद्या सिलिंडरचं होतं. कपाट वर जातं, पण बाकीचे तिघे धापा टाकतात. गाडी धक्के देते, चढाला रडते, मागून फट-फट आवाज येतो. याला आम्ही 'गाडी मिसिंग मारते' म्हणतो.

आता चौघांतला कामचुकार कोण, हे शोधायचं. त्याची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी धडपडायला लागलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. मग त्याला पेट्रोल मिळत नाही, की त्याचा दाब गेलाय, की ठिणगी वेळेवर येत नाही, ते बघायचं. पुण्यातल्या माझ्या उस्तादाने मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. वायर हाताने काढायची नाही, हे मात्र त्याने नंतर सांगितलं. आधी मला एक झटका बसू दिला.

बासष्ट साली मी बार्शीहून इकडे आलो. पुढे चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. आजूबाजूला कंपन्यांच्या भिंती उठत होत्या. कंपनीच्या भोंग्यावर आमचे चहा ठरायचे. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका कंपनीतले साहेब टाइप केलेला कागद घेऊन यायचे. गाडीचा रोग, कारण, उपाय, सगळं त्यात लिहिलेलं असायचं. मी ते वाचून मान डोलवायचो आणि कागद खिशात ठेवून गाडीकडे वळायचो. एका सोमवारी त्यांनी कागदावर 'इंजिन उतरवावे लागेल' असं लिहून आणलं होतं. रविवारी त्यांनी स्वतः गाडी साफ केली होती आणि दोन प्लगच्या वायरी उलटसुलट लावल्या होत्या. मी त्या बदलल्या. पण त्यांचं मन मोडू नये म्हणून अर्धा तास इंजिनाखाली पडून राहिलो. रविवारी साहेबांनी गाडी धुतली की सोमवारी माझं काम हमखास निघायचं.

डॉक्टरबाई तशा नव्हत्या. चिंचवड गावात त्यांचं प्रसूतिगृह होतं. उंच, बारीक, कमी बोलणाऱ्या. गाडीतलं मला कळत नाही, असं स्वच्छ सांगायच्या आणि म्हणूनच त्यांच्याशी खोटं बोलणं जड जायचं. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. काळी, विलायती, गोल पाठीची. वीस वर्षांची तरी असेल. चाकण-खेडच्या बाजूला एखादी बाळंतीण अडली की माणूस सायकलवर नाहीतर दुधाच्या गाडीतून निरोप घेऊन यायचा आणि बाई त्याच्यासकट निघायच्या. तेव्हा त्या गाडीने वेळेवर चालू होणं हा काही हौसेचा मामला नव्हता.

गाडी चालवायचा ज्ञानोबा. कुरुळीचा. पंचेचाळिशीचा असेल, अंगाने काटक. प्रसूतिगृहामागच्या एका खोलीत राहायचा आणि रविवारी बायको-मुलींकडे कुरुळीला जायचा. दहा वर्षं तो त्या गाडीवर होता. रोज पहाटे उठून गाडी पुसायचा. बाहेरून सगळेच पुसतात, हा बॉनेट उघडून आतल्या वायरींवरही फडकं मारायचा. एवढी काळजी घेणारा ड्रायव्हर मी दुसरा पाहिला नाही. मी त्याला चिडवायचो, "ज्ञानोबा, इंजिनाला काजळ-तीट तेवढं राहिलं." तो म्हणायचा, "तुमी लावा की मिस्तरी, तुमचा हात गुनाचा हाय."

आणि मी लावलं. त्या वर्षी खंडेनवमीला बाईंची गाडी ऑइल बदलायला माझ्याकडे होती. खंडेनवमीला आमच्याकडे पान्याला हात लावायचा नाही, पूजा करायची. पाने, जॅक, हातोडे ओळीने मांडायचे, झेंडूची माळ घालायची, आणि शेडमध्ये जेवढ्या गाड्या असतील तेवढ्यांचं बॉनेट उघडून इंजिनावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं. लोक स्वस्तिक बॉनेटवर काढतात. मी मेकॅनिक, मला ते इंजिनावर काढल्याशिवाय पूजा झाल्यासारखी वाटत नसे. बाईंच्या गाडीचं मी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर काढलं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे पंगतीतला वाढपी, चारही सिलिंडरना पाळीपाळीने वीज वाढणारा. मला ती जागा मानाची वाटायची. कुंकू पाण्यात चांगलं ओलं कालवलं होतं. काळ्या टोपीवर लाल स्वस्तिक छान उठून दिसलं. दोन ओघळ वायरींच्या खोबणीत उतरले, पण तेवढं चालायचंच.

दसऱ्यानंतर पहाटे थंडी पडायला लागली. पवनेच्या काठी तेव्हा दवही भरपूर पडायचं. ज्ञानोबा गाडी घेऊन आला. "मिस्तरी, सकाळच्या पारी फटफट करती. उन्हं वर आली की गप." मी दहा वाजता इंजिन चालू करून वायरी काढून बघितल्या. चारही सिलिंडर चोख. प्लग काढले. प्लग बिस्किटाच्या रंगाचा असला की सिलिंडरची तब्येत चांगली. चारही प्लग तसेच होते. तरी बदलले. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, टोपी आतून घासून पुसली. दुपारी गाडी मांजरासारखी गुरगुरायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फटफट.

या प्रकाराचा मला राग यायला लागला होता. त्या रस्त्यावर माझं नाव होतं. 'आवाजावरून रोग सांगणारा' अशी माझी ख्याती होती आणि ती पसरवण्यात माझाही थोडा हात होता. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा शेडमधले दोघे कामगार माझ्याकडे न बघता काम करत होते. ते मला जास्त लागलं.

आणि मग तो दिवस आला. चाकणच्या पुढच्या एका वस्तीवर एक बाळंतीण अडली होती. डॉक्टरबाई पहाटे निघाल्या. मोशीच्या चढाला गाडीने मान टाकली. ज्ञानोबाने इंजिन चालू करायचं हँडल मारून मारून हाताची सालं काढली. शेवटी बाई विटांच्या ट्रकमध्ये बसून पुढे गेल्या. मूल आणि आई दोघंही वाचली, पण तासभर उशीर झाला होता. ऊन चढल्यावर गाडी चालू झाली, ज्ञानोबा वस्तीवर जाऊन बाईंना घेऊन आला आणि दुपारी बाई त्याच गाडीतून माझ्या शेडवर आल्या. साडीवर विटांची लाल धूळ तशीच होती.

"मेस्त्री," त्या म्हणाल्या, "आज वाचली. पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. गाडीत काय आहे ते मला आज कळलं पाहिजे. नसेल कळत तर तसं सांगा."

'नसेल कळत' हे शब्द मला झोंबले. तेव्हा मी एका गाडीचा कार्बोरेटर रॉकेलात धूत बसलो होतो. हात फडक्याला पुसून उठलो. पेट्रोलचे भाव त्या दिवसांत नुकतेच भडकले होते, आणि ड्रायव्हर पेट्रोल काढून विकतात आणि टाकीत रॉकेल ओततात, ही तक्रार रोजची झाली होती. रॉकेलवर गाडी थंडीत नीट चालत नाही, फटफट करते आणि गरम झाली की सुधारते. सगळं जुळत होतं. मी नळी सोडवून बाटलीभर पेट्रोल काढलं, तळहातावर थोडं ओतलं, उडू दिलं आणि वास घेतला. पेट्रोल उडून गेल्यावर मागे वास राहत नाही. माझ्या हाताला रॉकेलचा वास होता.

"बाई, यात रॉकेल आहे," मी म्हणालो.

ज्ञानोबा गाडीला टेकून उभा होता. तो सरळ झाला. "न्हाई मिस्तरी. म्या न्हाई."

"मी कुठे म्हणतोय तू म्हणून? मी पेट्रोलचं सांगतोय." हे मी बोललो. आजही आठवलं की लाज वाटते. टाकीची चावी त्याच्याकडेच असायची, हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं. रागावल्या नाहीत. "ज्ञानोबा, गाडीची आणि खोलीची चावी घरी टेबलावर ठेवा," एवढंच म्हणाल्या. मी नजर दुसरीकडे फिरवली. संध्याकाळी तो वळकटी घेऊन नाशिक रस्त्याच्या बाजूला चालत जाताना माझ्या एका कामगाराला दिसला.

मी टाकी रिकामी करून धुतली. बाईंनी स्वतः पंपावर उभं राहून पेट्रोल भरून घेतलं. सांगवीचा एक नवा ड्रायव्हर ठेवला. चौथ्या दिवशी पहाटे गाडी मिसिंग मारायला लागली.

नव्या ड्रायव्हरने निरोप आणला. मी त्याला म्हणालो, "उद्या गाडी आणू नकोस. मीच येतो, उजाडायच्या आत." इतके दिवस मी एक साधी गोष्ट केली नव्हती. रोगी सकाळी आजारी पडत होता आणि मी त्याला रोज दुपारी तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी बाईंच्या अंगणात होतो. गाडीवर दव असं होतं की बोटाने नाव लिहावं. हँडल मारलं, इंजिन चालू झालं, फट-फट सुरू. मी बॉनेट उघडलं आणि ड्रायव्हरला हातातली विजेरी बंद करायला सांगितली. अंधारात मला ते दिसलं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर एक निळा धागा पळत होता. एका वायरीच्या खोबणीतून निघून स्वस्तिकाच्या हातावरून पलीकडच्या खोबणीत. पुन्हा. पुन्हा. कुंकू दव पिऊन ओलं झालं होतं, आणि एका सिलिंडरची वीज त्या ओल्या रेघेवरून परस्पर दुसरीकडे जात होती. ऊन आलं की कुंकू वाळायचं आणि वाट बंद व्हायची.

ती टोपी मी तीन वेळा हातात घेतली होती. आतून तिचा कण न् कण तपासला होता. बाहेरून कुंकू दिसत होतं, पण ते कुंकू म्हणून दिसत होतं. ते बिघाडाचं कारण असेल असं मनातही आलं नाही.

मी इंजिन बंद केलं, फडकं घेऊन स्वस्तिक खरडून पुसलं आणि पुन्हा हँडल मारलं. गाडी एका सुरात चालायला लागली.

व्हरांड्यातून बाईंनी विचारलं, "सापडलं?"

"सापडलं. टोपी खराब झाली आहे, नवी टाकतो."

"म्हणजे रॉकेल नव्हतं?"

"बघतो," मी म्हणालो.

शेडवर येऊन बघितलं. त्या दिवशी काढलेल्या पेट्रोलची बाटली फळीवर तशीच होती. कोऱ्या कागदावर थेंब टाकला. रॉकेल असतं तर कागदावर तेलकट डाग राहिला असता. कागद मिनिटभरात कोरडा, पांढरा. मग मी माझा रिकामा तळहात नाकाशी नेला. त्याला रॉकेलचा वास होता. कधी नव्हता? इतकी वर्षं मी त्याच रॉकेलात हात धूत होतो. बायको म्हणायची, तुमच्या हातचा प्रसादसुद्धा रॉकेलसारखा लागतो. घरातल्या सगळ्यांना जे माहीत होतं ते मला त्या दिवशी, बाईंसमोर, आठवलं नाही.

हे कळल्यावर मी ताबडतोब बाईंकडे गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी चार दिवस गेलो नाही. नवी टोपी कामगाराच्या हाती पाठवून बसवून घेतली. स्वतःशी म्हटलं, गाडी चालतेय, ज्ञानोबाला दुसरं काम मिळालं असेल, चांगला ड्रायव्हर काय कुठेही खपतो. पण पाचव्या दिवशी चाकणच्या बाजारात कांदा नेणारा एक टेम्पो शेडवर आला. ड्रायव्हर कुरुळीचाच होता. त्याला ज्ञानोबाचं विचारलं. तो म्हणाला, "त्याला कोन ठिवनार गाडीवर? रॉकेलवाला म्हंत्यात त्याला समदे."

मी तसाच उठलो आणि बाईंच्या दवाखान्यात गेलो. कुंकू, कागद, माझा हात, सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही हे सांगायला चार दिवस घेतलेत, मेस्त्री."

"हो."

"मी त्याला काढायला एक मिनिटही घेतलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "चला. गाडी तुम्ही चालवा."

कुरुळीला पोचलो तेव्हा ज्ञानोबा रस्त्यालगतच्या एका खळ्यात दुसऱ्याचे कांदे निवडत बसला होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. आधी गाडीकडे बघितलं, मग आमच्याकडे. उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही.

बाईच त्याच्याकडे गेल्या. कांदे निवडणाऱ्या बाया-माणसांदेखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ज्ञानोबा, पेट्रोलमध्ये रॉकेल नव्हतं. तुमच्यावर खोटा आळ आला. चूक माझी झाली."

"चूक माझी," मी म्हणालो.

ज्ञानोबा गाडीपाशी गेला, सवयीने बॉनेट उघडलं आणि आत वाकला. "टोपी नवी घातली. आन कुकू कुठं गेलं?"

मग मी त्याला सांगितलं. निळा धागा, दव, ओलं कुंकू. तो ऐकता ऐकता गाडीच्या मडगार्डावर टेकला.

"मिस्तरी, रोज सकाळी मी फडकं मारत व्हतो. वायरी, बॅटरी, टोपी, समदं कोरडं करायचो. तेवढं कुकू सोडून. कडंकडंनं पुसायचो." त्याने बोटाने हवेत गोल काढून दाखवला. "तुमच्या हातचं, पूजेचं. त्ये कसं पुसू?"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ज्ञानोबा, उद्यापासून या. खोली तशीच आहे."

"न्हाई बाई."

"का? आता तर सगळ्यांसमोर सांगितलं."

"सांगितलं, लई मोठं क्येलं तुमी. तुमच्यावर राग न्हाई." तो माझ्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता. "पर मिस्तरी, रॉकेल वतलं म्हनला तर वास माझ्या हाताला याया पायजे व्हता. मी तिथंच हुबा व्हतो, तुमच्यापून दोन हातावर. तुमी तुमचा हात हुंगला. माझा कुनी हुंगला न्हाई."

त्याने दोन्ही तळहात पुढे केले, अगदी माझ्या तोंडाशी.

"घ्या. आता तरी हुंगा."

लोक बघत होते. बाई बघत होत्या. मी वाकलो आणि त्याच्या हातांचा वास घेतला. कांद्याचा वास येत होता.